बेडूक बाजूच्या सड्यावर जात नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या महिन्यात आमच्या गावात चिरेखाणीच्या विषयावर ग्रामसभा झाली. सड्यावरची, म्हणजे जांभ्याच्या पठारावरची, साधारण चार एकर जागा चिरे (बांधकामाचे जांभ्या दगडाचे ठोकळे) काढायला द्यायची की नाही यावर बोलणं चाललं होतं आणि मी उठून विचारलं की त्या सड्यावर पावसात जे बेडूक अंडी घालतात त्यांचं काय करायचं. खाणीच्या बाजूने बोलायला आलेला जो माणूस होता तो अगदी शांतपणे म्हणाला, "मॅडम, बेडूक काय, बाजूच्या सड्यावर जातील." सभेत कोणी काही बोललं नाही, विषय पुढे गेला. मी तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजात बायोलॉजी शिकवते, तेव्हा उत्तर द्यायला हवं होतं पण त्या गडबडीत ते मला दोन वाक्यांत सांगता आलं नाही. ते दोन वाक्यांत सांगण्यासारखं नाहीच, म्हणून हे लांबलचक पत्र. कापून छापलंत तरी चालेल पण बेडकांचा जो मुद्दा आहे तो राहू द्या ही विनंती.

घरी येताना शेजारच्या तात्यांना मी हे सांगितलं. तात्या आता ऐंशीच्या पुढे आहेत, शाळा चौथीपर्यंत, पण सडा त्यांना तळहातासारखा पाठ. ते म्हणाले, "खंय जातलो गो तो? हयसरलोच तो." म्हणजे तो जाईल कुठे, तो इथलाच आहे. मला रात्री झोप लागेना कारण गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जगभरातल्या शास्त्रज्ञांनी बेडकांचा डीएनए तपासून जे शोधून काढलंय ते तात्यांच्या या एका वाक्यात बसतं.

देशावरच्या वाचकांना सडा म्हणजे काय ते आधी सांगते. जांभ्या दगडाचं सपाट पठार. एप्रिलमध्ये बघाल तर काळा तापलेला कातळ, चप्पल घालूनही पाय भाजतात, एक झाड नाही, म्हणून सातबाऱ्यावर त्याची नोंद पोटखराबा. आणि तोच सडा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बघा, कातळातल्या प्रत्येक खळग्यात बोटभर-वीतभर पाणी, त्यात शेवाळ, कडेने बारीक फुलं आणि रात्री आवाज एवढा की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. हे खळगे दरवर्षी आटतात त्यामुळे त्यात मासे नसतात, मासे नाहीत म्हणून अंडी खाणारं कोणी फारसं नाही, आणि म्हणूनच काही बेडकांनी ही उथळ पाण्याची जागा धरली. अंड्यातून टॅडपोल, टॅडपोलातून इवलासा बेडूक, सगळं खळगं आटायच्या आत उरकायचं. सभेत एकजण असंही म्हणाला की खाणीच्या खड्ड्यात पाणी साचेल, बेडकांची उलट सोयच होईल. खाणीचा खड्डा दहा-पंधरा फूट खोल असतो, त्यात वर्षभर पाणी राहतं, दोन वर्षांत मासे येतात आणि तिथे आपला नेहमीचा मोठा बेडूक येईलही, पण बोटभर पाण्यात अंडी घालणाऱ्याला त्या खड्ड्याचा काही उपयोग नाही.

आता "बाजूच्या सड्यावर जातील" याकडे येते. बेडकाची कातडी ओली असते, तो त्या कातडीतूनही श्वास घेतो, ती सुकली की संपलं. ऊन, तापलेला दगड, डांबरी रस्ता, खारं पाणी हे सगळं त्याच्यासाठी आपल्याला आग असावी तसं. पक्षी उडून दुसऱ्या डोंगरावर जातो, बिबट्या एका रात्रीत दोन-तीन गावं ओलांडतो, पण खडकावरचा छोटा बेडूक बहुतेक जन्माला येतो त्याच ओहोळाच्या आसपास मरतो. हे असंच हजारो पिढ्या चाललं की दोन डोंगरांवरचे बेडूक दिसायला सारखे राहिले तरी आतून वेगळे होत जातात. आणि हे किती वेगळे व्हायचे, प्रत्येक ठिकाणी आतली विविधता किती राहायची, हे ठरवलं कोणी तर जुन्या हवामानाने. हाच भाग आपल्याकडे कोणी बोलत नाही.

साधारण २१ हजार वर्षांपूर्वी शेवटचं हिमयुग भरात होतं. बर्फ युरोपात आणि अमेरिकेत होता, आपल्याकडे कोकणात काही बर्फ नव्हता, पण पृथ्वीवरचं एवढं पाणी बर्फात अडकलं होतं की समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता, आपला किनारा आजच्या देवगड-मालवणच्या कितीतरी किलोमीटर पश्चिमेला. आणि मान्सून अशक्त झाला होता. हे अरबी समुद्राच्या तळाच्या गाळातून कळतं आणि निलगिरीतल्या दलदलींतूनही कळतं. त्या दलदलीत हजारो वर्षांचा अर्धवट कुजलेला पालापाचोळा थरावर थर साचलाय, झाडांच्या आणि उष्ण प्रदेशातल्या गवतांच्या अवशेषात कार्बनच्या हलक्या आणि जड प्रकारांचं एकमेकांशी प्रमाण थोडं वेगवेगळं असतं, त्यावरून कुठल्या काळात झाडी होती आणि कुठल्या काळात गवत होतं ते ओळखता येतं. १९९३ साली हे काम प्रसिद्ध झालं. त्यातून दिसलं की २० ते १६ हजार वर्षांपूर्वीचा काळ कोरडा, गवताचा, आणि नंतर नऊ-दहा हजार वर्षांपूर्वी मान्सून जोरात परत आला तेव्हा ओलावा वाढला.

म्हणजे विचार करा, ज्या सह्याद्रीला आपण कायमचा हिरवा समजतो तो मधल्या काळात बराच सुकला होता. ओलं जंगल मागे सरलं, दक्षिणेच्या डोंगरांत, खोल घळींमध्ये, जिथे ढग अडून राहतात अशा कड्यांवर उरलं. बेडूक त्याच्याबरोबर आक्रसले. जिथे ओलावा तगून राहिला तिथे ते तगले, बाकीकडे संपले. आणि हे एकदा नाही झालं, गेल्या पंचवीस-सव्वीस लाख वर्षांत हिमयुगं पुन्हा पुन्हा आली आणि गेली. प्रत्येक वेळी जंगल आक्रसायचं आणि पसरायचं.

याचा डीएनएवर काय परिणाम होतो ते मी वर्गात आडनावांवरून समजावते. कोकणात कितीतरी वाड्या अशा आहेत की सगळी घरं एकाच आडनावाची, कारण दोनशे-तीनशे वर्षांपूर्वी कोणीतरी एक मूळपुरुष तिथे येऊन राहिला आणि सगळी त्याचीच पिलावळ. आणि जुन्या बाजारपेठेच्या गावात जा, तिथे पन्नास आडनावं सापडतील. जुनं, न मोडलेलं गाव विविध, नवीन वसलेली वाडी एकसारखी. बेडकांचं तेच. जिथे जंगल आणि ओलावा सलग टिकला तिथल्या बेडकांमध्ये जनुकांचे प्रकार भरपूर, कारण हजारो वर्षं ते साचत गेले, आणि जिथे सगळं संपून नंतर थोडेसे बेडूक दुसरीकडून येऊन पसरले तिथे संख्या हजारोंनी असेल पण आतून सगळे सारखे. नुसती डोकी मोजून हे कळत नाही हो, आणि आपले सर्व्हे तर डोकी मोजण्याच्या पुढे जातच नाहीत.

याचा सगळ्यात सुंदर पुरावा ब्राझीलचा आहे. तिथे समुद्रकिनाऱ्याला धरून अटलांटिक जंगलाचा पट्टा आहे, आपल्या सह्याद्रीसारखाच लांबुळका आणि आपल्यासारखाच माणसाने कापून तुकडे केलेला. तिथल्या शास्त्रज्ञांनी आधी कॉम्प्युटरवर आजचं, सहा हजार वर्षांपूर्वीचं आणि २१ हजार वर्षांपूर्वीचं हवामान मांडलं आणि जंगल कुठे सतत टिकलं असेल त्याचा नकाशा काढला. त्यावर अंदाज बांधला की मधल्या बाहियाच्या भागात जंगल टिकलं असणार तर तिथल्या बेडकांत विविधता जास्त सापडायला हवी आणि दक्षिणेला साव पावलोच्या बाजूला कमी. मग झाडावरच्या बेडकांच्या तीन जाती घेतल्या, डीएनए तपासला, आणि बरोबर तसंच निघालं. २००९ साली हे सायन्स या शास्त्रीय साप्ताहिकात आलं. मला यातलं आवडतं ते हे की आधी अंदाज सांगितला आणि मग बेडकांना विचारलं. नंतरच्या कामात असंही दिसलं की थंडी सोसणाऱ्या डोंगरी जातींची गोष्ट वेगळी, त्या दक्षिणेतच टिकून होत्या. म्हणजे एकच नियम सगळ्यांना लावता येत नाही, कुठली जात कुठल्या हवेची आहे ते बघावं लागतं.

आपल्याकडे सह्याद्रीत दोनशेच्या वर उभयचर आहेत आणि त्यातले बहुतेक जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. केरळमधला तो जांभळा, फुगीर, डुकरासारख्या नाकाचा बेडूक बऱ्याच वाचकांनी फोटोत पाहिला असेल, २००३ मध्ये तो शास्त्राला कळला, वर्षभर जमिनीखाली राहतो आणि पावसाच्या तोंडावर अंडी घालायला तेवढा बाहेर येतो. त्याचे सगळ्यात जवळचे नातेवाईक कुठे असतील तर सेशेल्स बेटांवर. भारत आणि सेशेल्स एकत्र जोडलेले होते त्याला साधारण साडेसहा कोटी वर्षं झाली, तेव्हापासूनचं हे नातं. झुडपांवरचे जे छोटे टिकटिक करणारे बेडूक असतात, ज्यांना पाण्याची डबकी लागतच नाहीत, अंड्यातून थेट पिल्लू बाहेर येतं, त्यांच्यावर बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं काम केलं. त्यातून कळलं की दक्षिणेच्या एकेका डोंगररांगेवर वेगळं घराणं आहे आणि पालघाटच्या खिंडीसारखी खोल, कोरडी फट त्यांना ओलांडवत नाही. आपला उत्तरेचा सह्याद्री तुलनेने कोरडा, आठ महिने पाऊस नाही, त्यामुळे इथे जाती कमी. पण ज्या आहेत त्या या कोरड्या आठ महिन्यांशी जमवून घेतलेल्या आहेत आणि अगदी थोड्या थोड्या जागी आहेत.

उदाहरणार्थ आंबोलीचा टोड, म्हणजे खरखरीत कातडीचा बेडूक. अंगाच्या बाजूला वाघासारखे पिवळे-काळे पट्टे, म्हणून नावातही वाघ. २००९ मध्ये त्याचं वर्णन झालं, तो आंबोलीच्या परिसरातला आणि जागतिक यादीत अतिधोक्यात. त्याचा एकच सख्खा भाऊ, कोयनेचा टोड, दीडशेएक किलोमीटर उत्तरेला, तो १९६३ पासून माहीत आहे. जगात या वंशात (जीनसमध्ये) हे दोघेच. दोघेही पहिल्या पावसात कातळावरच्या उथळ पाण्यात येतात. मधल्या सगळ्या घाटांत एवढा कातळ असून हे दोघेच का उरले असतील याचा विचार केला की अंगावर काटा येतो. कातळ सगळीकडे आहे पण कातळ अधिक जंगल अधिक कधीही पूर्ण न तुटलेला ओलावा हे सगळं एकत्र फार थोड्या जागी मिळतं. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. बाकीकडे मान्सून अडखळला तरी असल्या जागी थोडं पाणी उरत असणार.

आणखी एक आहे, तो मला सगळ्यात जवळचा. २०१४ मध्ये आंबोलीहूनच वर्णन झालेला इंडिराना चिरावासी. नावाचा अर्थच चिरेत राहणारा. मागच्या जुलैत मी मुलांना घेऊन गेले होते, रस्त्याच्या कडेला कातळाची उभी भिंत, तिच्यावरून पाणी वाहत नव्हतं, नुसतं पाझरत होतं, हात लावला तर तळवा ओला होईल इतपत. त्या उभ्या भिंतीवर टॅडपोल चिकटलेले! पाण्यात नाही, भिंतीवर. लांब बारीक शेपूट, पोट दगडाला घट्ट लावलेलं, दगडावरचं शेवाळ खरवडून खात होते. एका मुलीने बोट जवळ नेलं तसा एक जण शेपटीने टुणकन उडून वीतभर बाजूला गेला आणि परत चिकटला. मुलं दहा मिनिटं बोललीच नाहीत. त्या पिल्लाला डबकं नको, नदी नको, त्याला फक्त पाझर हवा, दगडावर कागदाएवढा जाड पाण्याचा थर. वर सड्यावर चिरेखाण झाली, पाणी खड्ड्यात उतरलं, आणि खालच्या भिंतीचा पाझर ऑगस्टऐवजी जुलैत बंद झाला की ही पिल्लं त्याच भिंतीवर वाळणार. खाणीच्या कागदावर ही भिंत दिसणारही नाही कारण ती खाणीच्या हद्दीत नाही.

तात्या म्हणाले तो "हयसरलोच" शब्द किती महत्त्वाचा आहे त्यासाठी इंग्लंडची एक खरी गोष्ट सांगते. तिथे पूल फ्रॉग नावाचा बेडूक नॉरफोकमधल्या थोड्याशा तळ्यांत होता. एकोणिसाव्या शतकात हौशी लोकांनी युरोपातून बेडूक आणून इंग्लंडभर सोडले होते, त्यामुळे सगळ्यांनी धरून चाललं होतं की हाही बाहेरून आणलेला, आपला नाही. आपला नाही म्हणून त्याला संरक्षण नाही, तळी बुजली, सुकली, आणि १९९० च्या दशकात रानातला शेवटचा दिसेनासा झाला. त्याच सुमारास काही अभ्यासकांना शंका आली. त्यांनी त्याचा डीएनए तपासला, आवाजाची रेकॉर्डिंगं तपासली, जुन्या वस्त्यांच्या खोदकामात मिळालेली साधारण हजार वर्षांपूर्वीची हाडं तपासली, आणि निघालं काय तर हा बेडूक फ्रान्स-इटलीकडून आणलेल्यांपैकी नव्हताच, त्याचं नातं नॉर्वे-स्वीडनच्या बेडकांशी होतं. हिमयुग सरल्यावर इंग्लंड अजून युरोपला जमिनीने जोडलेलं होतं, मधला उत्तर समुद्र भरायचा होता, तेव्हा तो स्वतःच्या पायांनी चालत आलेला. तो तिथलाच होता. पण हे सिद्ध होईपर्यंत पिंजऱ्यात ठेवलेला शेवटचा एक नरही १९९९ मध्ये मेला होता. मग २००५ पासून स्वीडनहून बेडूक आणून नॉरफोकमध्ये सोडले, आता ते तिथे परत आहेत, आणि लोकांनी त्यासाठी फार कष्ट घेतलेत, त्याबद्दल आदरच आहे. पण स्वीडनचे बेडूकही उत्तरेच्या टोकाचे, हिमयुगानंतर थोडेसेच वर पोचलेले, त्यामुळे त्यांच्यात मुळातच विविधता कमी. नॉरफोकच्या बेडकांत त्यांचं स्वतःचं असं जे काही साचलं होतं ते गेलं ते गेलंच. ते स्वीडनहून आणता येत नाही.

आमच्या सभेतल्या त्या माणसाचं वाक्य आणि हे इंग्लंडचं, दोन्हीच्या मुळाशी एकच समजूत आहे की बेडूक इथून तिथून सारखाच.

कोणी विचारेल की विविधता कमी झाली तर बिघडतं काय, बेडूक दिसतायत ना. भात लावणाऱ्याला हे विचारू नका, त्याला माहीत आहे. पूर्वी आमच्याकडे वालय, सोरटी अशा भाताच्या जाती होत्या, एकेका कुणग्यात (शेताच्या तुकड्यात) वेगळं बियाणं, करपा आला तर एक जायचं आणि दुसरं उरायचं. सगळीकडे एकच बियाणं केलं की रोग आला तर सगळंच जातं. बेडकांवर असा रोग आलेला आहे. कायट्रिड नावाची बुरशी बेडकाच्या कातडीवर वाढते, आणि कातडी हाच त्याचा श्वास आणि तिच्यातूनच त्याचं पाणी, त्यामुळे शेवटी हृदय बंद पडतं. २०१९ मध्ये जगभरचा हिशेब मांडला गेला तेव्हा या रोगाने पाचशेवर उभयचर जाती घटलेल्या आणि त्यातल्या नव्वद नामशेष झाल्या असाव्यात असं निघालं. एका प्रयोगात अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या बेडकांना मुद्दाम या बुरशीची लागण केली, तर रोगप्रतिकाराची ठरावीक जनुकं ज्यांच्याकडे होती ते बाकीच्यांपेक्षा जास्त प्रमाणात जगले. म्हणजे जगण्यामरण्याचा फरक त्या आतल्या विविधतेत होता. ही बुरशी आपल्या उत्तर सह्याद्रीतल्या बेडकांवरही सापडलेली आहे, २०१३ मध्ये पुण्याच्या अभ्यासकांनी ते दाखवलंय. आपल्याकडे अजून तसे ढीगच्या ढीग बेडूक मेलेले नाहीत. पण पाऊस पुढेमागे होतोय, मे महिन्यातच चार दिवस धो धो पडून मग जूनमध्ये पंधरा दिवस कडक ऊन पडतं, खळगी भरतात आणि टॅडपोल असतानाच आटतात, अशा वर्षी कोण तगेल हेसुद्धा त्या विविधतेवरच ठरणार. कोणाची अंडी लवकर फुटतात, कोण दुसऱ्यांदा अंडी घालतो, कोणाची पिल्लं कमी पाण्यात धीर धरतात. हे गुण हिमयुगांच्या कोरड्या काळातून तरून आलेल्यांकडे असणार, ते आज नव्याने कुठून आणणार? २०२३ च्या जागतिक पाहणीत उभयचरांच्या ४१ टक्के जाती धोक्यात आहेत असं आलं आणि हवामानबदल हे वाढत चाललेलं कारण म्हणून पुढे आलं.

इथे सड्यांबद्दल एक वेगळी तक्रार. चिरेखाण हा एक भाग झाला, पण दुसरीकडे चांगल्या हेतूनेही सड्यांचं वाटोळं होतंय. पोटखराबा आहे ना, मग लावा झाडं. मी स्वतः कॉलेजच्या मुलांना घेऊन दहा-बारा वर्षांपूर्वी अशा एका कार्यक्रमात गेले होते, कातळात सुरुंगाने खड्डे केलेले, त्यात बाहेरून माती आणून आकेशियाची रोपं. आम्ही अभिमानाने फोटो काढले. आज तिथे आकेशिया उभा आहे, खाली त्याचा जाड न कुजणारा पाला, आणि खळगी मातीने भरून गेलीत, जूनमध्ये तिथे आवाज नाही. हे मला कोणी सांगितलं नव्हतं की सडा उघडा असतो तोच त्याचा जिवंतपणा, आणि मी बायोलॉजी शिकवत होते. म्हणून आता प्रत्येक बॅचला हे सांगते आणि तुमच्या पेपरातूनही सांगायचंय की जंगल म्हणजे फक्त झाडं असं नसतं.

रस्त्यांचंही आहे. पहिल्या पावसाच्या रात्री घाटात गाड्यांखाली बेडूक अक्षरशः चिरडून रस्त्याला चिकटतात, आणि त्यातल्या बऱ्याचशा अंड्यांनी भरलेल्या माद्या. एखाद्या जागी टोडांची सगळी जमात दोन-तीन सड्यांपुरती असेल तर दहा वर्षांच्या अशा रात्रींचा हिशेब लावा. उरलेले आपापसात प्रजनन करत राहतात आणि पुन्हा ती एका आडनावाची वाडी होते.

माझं सरकारकडे आणि जिल्हा प्रशासनाकडे जे मागणं आहे ते काही अवघड नाही. पहिलं म्हणजे खाण असो, रस्ता असो, रिसॉर्ट असो, सह्याद्रीतला कुठलाही ईआयएचा (प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल ते तपासण्याचा) सर्व्हे जून ते सप्टेंबर या काळात रात्रीचा झाल्याशिवाय मान्य करू नये. मी एका अहवालात "उभयचर : तुरळक" असं वाचलंय आणि सर्व्हेची तारीख होती फेब्रुवारीतली. फेब्रुवारीत सड्यावर बेडूक शोधणं म्हणजे मे महिन्यात दिवाळीचे कंदील शोधण्यासारखं आहे. दुसरं, जातींची नुसती यादी पुरत नाही, त्या सड्यावरचे बेडूक शेजारच्या डोंगरावरच्यांपासून किती वेगळे आहेत ते तपासा. यासाठी आता बेडूक मारावा लागत नाही, कान साफ करतात तसल्या काडीने तोंडाच्या आतून एक हलकी पुसणी घेतात आणि बेडकाला जागच्या जागी सोडून देतात, मी ते बघितलंय, अर्ध्या मिनिटाचं काम. आपल्या विद्यापीठांत आणि पुण्या-मुंबईच्या संस्थांत हे करणारी हुशार मुलं आहेत, त्यांना काम द्या. आणि तिसरं, संरक्षण द्यायचं तर सडा, त्याच्या कडेचं जंगल आणि खालचा पाझर हे तिन्ही एकत्र धरा, नुसती सर्व्हे नंबरची चौकट नको.

हे होत नाही असं कोणी सांगू नये. २०२१ मध्ये आंबोलीलाच हिरण्यकेशीच्या उगमाजवळच्या एका छोट्याशा माशासाठी राज्य सरकारने दोन हेक्टरच्या आसपास जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. बोटाएवढा मासा, एक मंदिर, एक कुंड, आणि सरकारने ते मानलं. गावानेही मानलं. मग कातळावरच्या टोडांसाठी, चिरावासीच्या पाझरणाऱ्या भिंतींसाठी का नाही? पश्चिम घाटाच्या पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राचा मसुदा २०१४ पासून निघतोय, जुलै २०२४ मध्ये सहावा निघाला, त्यात महाराष्ट्राचे सतरा हजारांवर चौरस किलोमीटर आहेत. त्या भांडणात मी इथे जात नाही, गावांच्या पोटापाण्याचे प्रश्न खरे आहेत आणि चिरेखाणीवर काम करणारी माझ्या वर्गातल्या मुलांचीच घरं आहेत. पण एक सडा, दोन सडे, चार पाझर एवढं तर ग्रामसभा स्वतःच्या ठरावाने राखू शकते, त्याला दिल्लीची वाट बघायला नको.

आमची पुढची ग्रामसभा पावसाळ्यानंतर ठेवलीय असं ऐकलं. मी सरपंचांना अर्ज दिलाय की ती त्याआधी एकदा रात्री आठ वाजता सड्यावरच घ्या, पहिला मोठा पाऊस होऊन दोन दिवस झाले की. खाणीच्या बाजूने बोललेल्या त्या माणसालाही मी मनापासून बोलावलंय, त्याच्यावर माझा राग नाही, त्याला कोणी कधी दाखवलंच नसेल. तात्या येणार आहेत, त्यांना धरून न्यावं लागेल. बॅटऱ्या आणि छत्र्या आमची मुलं आणतील, फक्त चालताना खळग्यांत पाय पडू देऊ नका.

आपली,
एक वाचक, सिंधुदुर्ग